‘सध्या काय सुरू आहे?’: अर्ध्या नोकरीतली माणसं आणि त्यांचं डोकं

नऊतास (धागाकर्ता), रविवार, रात्री ११.५२

आज दुपारी मानेवाड्याला एका साक्षगंधाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बायकोचे मामा. वांग्याची भाजी वाढून पुढे सरकली आणि त्यांनी विचारलं, "मग, सध्या काय सुरू आहे?"

म्हटलं, "कॉलेजात शिकवतो."

"ते माहीत आहे हो. पण सध्या काय?"

त्या ‘सध्या’साठी हा धागा काढतो आहे.

मी एम.एस्सी. रसायनशास्त्र, नेट पास, वय ३६. नागपुरातल्या एका कॉलेजात (नाव विचारू नका) तासिका तत्त्वावर शिकवतो. आठवड्याला नऊ तास, थिअरीच्या तासाला ९०० रुपये. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं आहे की! पण सुट्टी आली की तास गेला, परीक्षा लागली की तास गेले, दिवाळीत गेले आणि मार्चनंतर अख्खा माणूसच गेला. पावसाळ्यात पुन्हा मुलाखत. तेच कॉलेज, तीच खोली, टेबलापलीकडे तीच माणसं. "स्वतःबद्दल थोडं सांगा." सात वर्षं सांगतो आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. बिलं तुंबतात आणि मग एखाद्या दिवशी चार-पाच महिन्यांचे एकदम जमा होतात. त्या दिवशी मी स्वतःला श्रीमंत समजतो. दुसऱ्या दिवशी उधाऱ्या फेडतो.

पैशाचं रडगाणं मात्र इथे गायचं नाही. ते दर डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या वेळी मोर्च्यात गातोच, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांनी अडवेपर्यंत. सांगायचं आहे ते डोक्याचं.

माझे तास मंगळवार, गुरुवार, शनिवारी असतात. बुधवारी आणि शुक्रवारी काही नसतं. तरी मी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन घराबाहेर पडतो. आईला वाटतं रोज कॉलेज आहे, गल्लीलाही तसंच वाटतं. बहुतेक वेळा महाराजबागेत जाऊन बसतो. एकदा तिथल्या वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभा होतो आणि मनात आलं, हा इथे पर्मनंट आहे. एकटाच हसलो, आणि हसू थांबल्यावर जे वाटलं ते लिहिता येत नाही.

बायको एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, घर तिच्या पगारावर चालतं. तिला सगळं माहीत आहे. बुधवारीही ती डबा भरून देते. यावर आम्ही कधी बोललो नाही.

वर्षभरापासून रात्री तीनला जाग येते. आली की आधी फोन बघतो, ग्रुपवर टाइमटेबल बदललं का. तीन वाजता कोण टाइमटेबल बदलणार! पण बघतो. वाचन बंद झालं. वेळ ढीगभर आहे आणि पंधरा पानं सलग वाचवत नाहीत. पोरीवर चिडतो. मित्रांचे फोन उचलत नाही, कारण पहिला प्रश्न तोच.

बेरोजगार असतो तर लोक निदान हळहळले असते. नोकरी असती तर मान दिला असता. मी मधल्या जागी आहे, आणि तिथे बसून ‘मला त्रास होतो’ म्हणायची सोय नाही. सरकारी हिशेबातही मी रोजगारवालाच. श्रमबलाच्या पाहणीत साप्ताहिक स्थिती मोजताना आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरतात. मी तर नऊ तास करतो, म्हणजे चांगलाच कामाला लागलेला माणूस!

इथे असे अजून कोणी आहेत का? काय करता? एकच विनंती, ‘सकारात्मक राहा’ कृपया लिहू नका.

---

सावजी_रस्सा, सोमवार, सकाळी ७.१०

पहिला प्रतिसाद माझा. वाघाचं वाचून चहा सांडला. बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो. मी पण ‘सध्या’वालाच आहे.

---

जुनाजाणता, सोमवार, सकाळी ९.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आम्ही १९८४ साली २८० रुपयांवर लागलो. दोन ठिकाणी पार्टटाइम हिशेब लिहायचो, सीताबर्डीहून इतवारीला सायकलने. तेव्हा डिप्रेशन वगैरे शब्द नव्हते. बागेत बसण्यापेक्षा त्या वेळात चार शिकवण्या घ्याव्यात. हाताला काम मिळालं की मन ठिकाणावर येतं.

---

नऊतास, सोमवार, सकाळी ९.४०

काका, संध्याकाळी दोन शिकवणी वर्गांत जातोच. तेही तासावरच. मुलं कमी झाली की तिथलाही तास जातो. म्हणजे तीन अर्ध्या नोकऱ्या आहेत, बेरीज मात्र एक होत नाही.

---

ताळेबंद, सोमवार, दुपारी २.२०

जुनाजाणता, तुमच्या काळी शब्द नव्हता म्हणजे दुखणं नव्हतं असं नाही. माझे आजोबा रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचे. घरचे म्हणायचे, उष्णता झाली आहे.

नऊतास, तुमचं वाचून मला थोडा हेवा वाटला, खरं सांगते. तुम्हाला निदान कोणी ‘सध्या काय सुरू आहे’ म्हणून विचारतं. मला कोणी विचारत नाही.

मी एम.कॉम., टॅली येतं, जीएसटीची विवरणं भरता येतात. लग्नाआधी पाच वर्षं पूर्ण वेळ नोकरी केली. आता मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मी इतवारीतल्या एका व्यापाऱ्याकडे रोज तीन तास जाते. मार्चमध्ये रात्री नऊपर्यंत थांबते, एप्रिलमध्ये ‘उद्या नका येऊ मॅडम, काम नाही.’ पूर्ण वेळ काम शोधते आहे, मिळत नाही. मिळतं ते बुटीबोरीला, नंदनवनहून जाण्यायेण्यात दोन-अडीच तास, मुलाची शाळा बाराला सुटते.

याला घरी आणि शेजारी काय म्हणतात माहीत आहे? ‘तेवढाच वेळ जातो हिचा.’

मी तिथे वेळ घालवायला जाते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. त्यामुळे काम गेलं तर माझं काही गेलं असं कोणाला वाटतच नाही. मागच्या एप्रिलात सहा आठवडे काम नव्हतं, मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. सासूबाई म्हणाल्या, पाणी किती वाया घालवते. चुकीचं काहीच बोलल्या नाहीत, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो.

---

सावजी_रस्सा, सोमवार, रात्री ८.३०

ताळेबंद ताई, नळाचं वाचून काय लिहावं ते सुचेना. आधी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

माझं थोडक्यात. मेकॅनिकल इंजिनीअर, कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात. दर अकरा महिन्यांनी कागद नवा. गेटपासचा रंग वेगळा, पर्मनंटवाल्यांचा निळा, आमचा पिवळा. कँटीनला रांग एकच पण कूपन वेगळं. काम तेच, मशीन तेच. ऑर्डर कमी झाली की आमच्या आठवड्याचे सहाचे चार दिवस होतात. मॅनेजर गोड माणूस आहे, "तुझ्यासाठी बोललोय मी वर" असं चार वर्षांपासून सांगतो. मी त्या ‘वर’कडे बघून मान मोडून घेतली आहे.

डोक्याचं म्हणाल तर माझा मुद्दा एवढाच की मी कधी सुट्टी घेतली नाही. काम नसलेल्या दिवशी सुट्टी वाटत नाही आणि काम असलेल्या दिवशी सुट्टी घ्यायची भीती. बहिणीच्या डोहाळेजेवणाला पण गेलो नाही.

---

पेठकर, सोमवार, रात्री १०.१५

चर्चा चांगली चालली आहे, पण एक वेगळी बाजू मांडतो. इंग्लंडमध्ये २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तर हजारांहून जास्त लोकांची २००९ ते २०१८ या काळातली माहिती तपासली होती. निष्कर्ष असा की बेकार माणसाला आठवड्याला आठ तासांपर्यंतचं पगारी काम मिळालं तरी मानसिक आरोग्याला जो फायदा व्हायचा तो होतो. त्यापुढे तास वाढवून मनाला फारसा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे नऊ तास तत्त्वतः पुरेसे आहेत. दोष पार्टटाइमचा नसावा, आपल्याकडे चाळीस-अठ्ठेचाळीस तासांनाच ‘खरी नोकरी’ मानतात त्या मानसिकतेचा असावा.

---

सायकलवाली, सोमवार, रात्री ११.०५

पेठकरांशी अर्धी सहमत. मी धंतोलीची, गेली अकरा वर्षं आइंडहोवनमध्ये. इथे नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त पार्टटाइम आहेत, मीही आठवड्याला चार दिवस. २००० सालापासून कायदाच आहे की तुम्ही तास कमी-जास्त करून मागितले तर मालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. मला बुधवारी सुट्टी असते आणि मी मजेत असते. नऊतासांनाही बुधवारीच सुट्टी आहे, आणि ते वाघासमोर उभे आहेत! वार एकच. माझा बुधवार मी मागून घेतला, त्यांना तो न मागता दिला गेला. मागच्या महिन्यात, या महिन्यात आणि पुढच्याही महिन्यात माझ्या खात्यात ठरलेल्या तारखेला ठरलेला आकडा पडतो. आजारी पडले तरी पडतो. तेवढा एक आकडा काढून घेतला तर माझी ही सगळी मजा किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

---

बापा_रे, मंगळवार, रात्री १२.४८

मी बी लिहू का इथं? आमची भाषा तुमाले चालते का नाई माईत नाई.

डिप्लोमा झाला माहा. हिंगण्याच्या एमआयडीसीत होतो तीन वर्स, मग कंपनीनं माणसं कमी केली. आता ॲपवर डिलिव्हरी करतो. नाव नाई सांगत, आयडी ब्लॉक करतीन.

ते आठ तासाचं वाचलं. आमचे तास कसे मोजता, सांगा. सकाळी अकराले लॉगइन केलं, रात्री अकराले बंद. बारा तास. त्यातले गाडीवर सहा. बाकी सहा तास पुलाखाली बसून मोबाइलकडे पाहून रायलो. ऑर्डर आली तं पैसे, नाई आली तं नाई. मग मी काम करून रायलो का रिकामा बसून रायलो? तुमचा अभ्यासवाला मले कोणत्या खान्यात टाकीन?

मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस टेंपरेचर. दुपारी लोकं घराबाहेर निघत नाई म्हणून ऑर्डरी जास्त. दुपट्टा बांधून जातो. गिऱ्हाईक दाराच्या फटीतून हात काढते, पिशवी घेते, दार बंद. दिवसाले तीस दारं, एक माणूस बोलत नाई. घरी गेलो तं बायको बोलते अन् मले तिचाच राग येते. मंग थोडी घेतो, थोडी म्हणजे क्वार्टर. त्याशिवाय झोप लागत नाई. झोपीत बी फोन वाजल्यावानी वाटते.

वाघाचं भल्ला आवडलं भाऊ.

---

पेठकर, मंगळवार, सकाळी ८.२०

बापा_रे, उत्तर नाही माझ्याकडे. त्या अभ्यासातला आठ तासांचा माणूस आठ तास कामाला जातो आणि घरी येतो, एवढं मी गृहीत धरलं होतं. आणि तिथे दवाखाना सरकारी खर्चाने चालतो, हेही मी सोयीस्करपणे विसरलो. सायकलवालीचं बरोबर आहे.

---

गिरणगल्ली, मंगळवार, दुपारी १२.३५

मी समाजशास्त्राचा, निवृत्त. थोडं लांबेल, सवयच आहे.

व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं एक गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. मंदीत ती बंद पडली. १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला, १९३३ मध्ये तो छापला. आधी सगळ्यांना वाटायचं की रिकामा वेळ मिळाला की माणसं वाचतील, सभांना जातील. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. संशोधकांनी खिडकीआड उभं राहून घड्याळ लावून मोजलं, तर गावातले पुरुष रस्त्यातून बायकांपेक्षा हळू चालत होते, मध्येच थांबत होते. घाई कशाची नव्हतीच. नऊतासांची पंधरा पानं वाचली आणि मला ते वाचनालय आठवलं.

याहोडा पुढे म्हणाली की नोकरी पगारासोबत पाच गोष्टी न मागता देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, कुठल्यातरी सामायिक कामात आपला हात असल्याची जाणीव, समाजात एक ओळख, आणि हातापायांना उद्योग. आता इथल्या लोकांकडे बघा. बापा_रेकडे उद्योग बारा तास आहे, माणसं नाहीत. ताळेबंदांकडे काम आहे, ओळख कोणी देत नाही. सावजींना माणसं आहेत, पण पासाचा रंग पिवळा. बेकाराची पाचही जातात म्हणून ते लोकांना दिसतं. यांची दोन-तीन जातात, दिसत नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेत डूली आणि प्राउझ या दोघांनी वर्षानुवर्षं त्याच त्याच माणसांचा पाठपुरावा केलेली माहिती तपासली. पुरेशा नोकरीतून अपुऱ्या नोकरीत घसरलेल्या माणसांत नैराश्य वाढलेलं दिसलं. ती माणसं नोकरीवाल्यांपेक्षा बेकारांच्या जास्त जवळ होती.

आणि आपल्या गावाचं एक सांगायचं राहिलं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई. या देशात ‘म्हाताऱ्या कामगाराचं काय’ हा प्रश्न मालकाने स्वतःहून विचारला त्या पहिल्या काही जागांपैकी ही एक, रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या पोरापोरींना पेन्शन हा शब्द विचारून बघा.

लहानपणी आमच्या वस्तीत भोंग्यावर घड्याळं लावायचे. आता बापा_रेचा फोन वाजतो. भोंगा सगळ्यांना एकदम वाजायचा, फरक एवढाच.

---

जुनाजाणता, मंगळवार, दुपारी ४.५०

वाचलं. माझ्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली होती. २८० रुपयांवर लागलो, पण तीन वर्षांनी कायम झालो. त्या तीन वर्षांत आमच्या सेठने दोनदा खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, होशील. आणि झालो. तुम्हाला ‘होशील’ म्हणणारा कोणी आहे का माहीत नाही.

शिकवण्यांचं वाक्य मागे घेतो.

---

ताळेबंद, मंगळवार, संध्याकाळी ६.१५

तुमच्या त्या पाचांच्या यादीत एक सुटलं असं मला वाटतं, सर. उद्याचं माहीत असणं.

पैसे कमी असले तरी मी घर चालवते, हिशेब माझा धंदाच आहे. पण उद्या बोलावतील की नाही याचा हिशेब मांडता येत नाही. पोळ्या लाटताना तोच विचार, मुलाचा अभ्यास घेताना तोच. परवा त्याने सातचा पाढा म्हटला आणि मी ऐकलाच नाही. डोकं एका कोपऱ्यात अडकून पडतं, उरलेल्या जागेत बाकी संसार.

---

केसपेपर, मंगळवार, रात्री ९.३०

मी मनोविकारशास्त्राची डॉक्टर, नागपुरातच. इथे कोणाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही.

ताळेबंद, तुम्ही जे ‘कोपऱ्यात अडकणं’ म्हणता ते मोजलेलं आहे. २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला. त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या कापणीआधी, हात तंग असताना, आणि कापणीनंतर घेतल्या. कापणीआधी त्यांना कमी गुण मिळाले. माणसं तीच होती, काळजीने डोक्याची जागा खाल्लेली. तेव्हा पाढा ऐकू आला नाही म्हणून स्वतःला वाईट आई ठरवू नका.

नऊतास, पहाटे तीनची जाग, वाचता न येणं, चिडचिड, माणसं टाळणं. हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असेल तर दाखवायला हवं. तुमचं तर वर्ष झालं. ‘परिस्थितीच तशी आहे, मग डॉक्टर काय करणार’ हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते. पाय खड्ड्यात पडून मोडला तरी प्लास्टर लागतंच, खड्डा महापालिकेचा असला तरी. मी तुम्हाला पर्मनंट करू शकत नाही. झोप परत आणून देता येते बऱ्याचदा, आणि झोपलेला माणूस मुलाखतीत वेगळा बोलतो. थायरॉइड आणि बी-१२ पण तपासून घ्या, थकवा आणि उदासी कधी तिथूनही येते.

बापा_रे, तुमची भाषा चालते, माझी आजी तीच बोलायची. क्वार्टरने झोप लागते पण टिकत नाही. दारू उतरायला लागली की मेंदू जागा होतो, म्हणून मध्यरात्री जाग आणि छातीत धडधड. दुसऱ्या दिवशी चिडचिड त्याचीच. रोजची सवय असेल तर एका दिवसात एकदम सोडू नका, काहींना त्याचाही त्रास होतो. विचारून सोडा.

कुठे जायचं: मेडिकल आणि मेयो, नागपुरातली ही दोन सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे मनोविकारशास्त्राची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. त्या चौकाला गावाने दिलेलं नाव मलाही माहीत आहे, आणि त्या नावामुळे किती लोक दोन वर्षं उशिरा येतात तेही. रांगेत बँकेतले, पोलिसातले, शाळामास्तर सगळे असतात. जायचं नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस, २०२२ पासून आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, कोणालाही, तर उद्यावर टाकू नका. आत्ता लावा.

‘काम तर आहे ना तुला’ हे ऐकून गप्प बसलेली माणसं मी खूप बघते. त्यांना पहिल्या भेटीत मी एकच विचारते, हे घरी कोणाला माहीत आहे?

---

सावजी_रस्सा, मंगळवार, रात्री १०.०५

अवांतर: बापा_रे, नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रम संहिता लागू झाल्या त्यात गिग कामगार हा शब्द कायद्यात आला आहे. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के तुमच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेव. हातात कधी काय पडेल ते विचारू नको, पण नाव यादीत असलेलं बरं.

---

बापा_रे, बुधवार, रात्री १.१५

केलं आहे ई-श्रम. कार्ड लॅमिनेशन करून ठेवलं, बायकोनं देवाजवळ ठेवलं.

डॉक्टर म्याडम, आज अर्धीच घेतली. जाग तं आलीच. १४४१६ ले लावला मंग. एक बाई बोलली, पंधरा-वीस मिनिटं. तिनं मले दोनदा विचारलं, जेवले का. दिवसभर लोकायचं जेवण पोचवतो, मले कोणी नाई विचारत. काई सांगितलं नाई तिनं खास. पन ऐकलं.

---

नऊतास, दहा दिवसांनी, शनिवार, रात्री १०.४०

उशिरा लिहितो आहे, माफ करा. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, सलग. पंधरा पानांहून जास्त भरतील.

मेडिकलला जाऊन आलो. तीन तास लागले. रांगेत माझ्या पुढे माझाच एक जुना विद्यार्थी होता, आता बँकेत आहे. आधी दोघांनीही न ओळखल्यासारखं केलं. मग तोच म्हणाला, "सर, तुमच्या पिरियॉडिक टेबलच्या युक्त्या अजून पाठ आहेत." मी विचारलं, इकडे कसा? म्हणाला, टार्गेट. मग आम्ही तासभर बोललो. त्याला पर्मनंट नोकरी आहे आणि त्यालाही तीनलाच जाग येते, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

गोळी सुरू केली आहे. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील असं सांगितलं. झोप थोडी लांबली आहे, तीनची चार झाली. बी-१२ कमी निघालं, डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

आईला सांगितलं की बुधवारी-शुक्रवारी कॉलेज नसतं. ती म्हणाली, मग त्या दिवशी गॅसचं सिलिंडर लावून देत जा, मला उचलत नाही. बास, एवढंच. मी सात वर्षं काय समजत होतो कोण जाणे.

पण घरी बसवत नाही अजून. गल्लीला सांगायचं बाकी आहे. बुधवारी सिलिंडर बघितलं आणि बॅग घेऊन निघालोच.

मामांचा प्रश्न अजून तसाच आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे बारसं आहे.

---

ताळेबंद, शनिवार, रात्री ११.००

बारशाला जा आणि सांगा, आठवड्याला नऊ तास शिकवतो आणि बाकी वेळ गोळी घेऊन झोपतो. पुन्हा विचारणार नाहीत. 🙂

माझ्याकडे मार्च सुरू झाला आहे, नऊपर्यंत थांबते. या वेळी सेठना सांगितलं, एप्रिलचं आत्ताच लिहून द्या, किती दिवस बोलावणार. ते हसले. लिहून दिलं नाही, पण ‘दहा दिवस तरी’ म्हणाले. दहा तर दहा. कॅलेंडरवर खुणा केल्या.

---

बापा_रे, रविवार, रात्री १२.२०

नऊतास भाऊ, मंगळवारी मी महाराजबागेकडूनच जातो. दुपारी तीन ते पाच धंदा नसते. दहा मिनिटं येऊ का? तुमचा तो पर्मनंटवाला बी पाहून घेतो.

---

नऊतास, रविवार, रात्री १२.३१

मंगळवारी तास आहेत माझे. बुधवारी ये. डबा असतो, दोघांना पुरेल.